आचार्यांचा झारा

मराठी माणसाच्या सोशिकतेविषयी ज्यांना अद्याप संशय असेल, त्यांनी आपल्या भ्रमणध्वनीतील भाषेच्या रकान्यात हिंदी ठेवून दिवसभर मराठी लिहून पाहावे. लिपी एकच असल्यामुळे सारे सुरळीत चालले आहे असा भास काही काळ होतो. परंतु आतला अदृश्य कारकून आपल्या मुलखाचा नव्हे, हे हळूहळू ध्यानात येते. रोमन अक्षरे दाबून टिळक लिहू जावे तर तो तिलक हजर करतो, काळ्यांचे काले करतो. आणि पाकळीचा ल व देठाचा श ही जी रूपे राज्य शासनाने २००९ साली शासननिर्णय काढून मराठीसाठी मुक्रर केली, ती टंकाच्या पोटात तयार असली तरी, दफ्तरी मराठीची नोंद नाही एवढ्या सबबीवर, बाहेर काढण्याचे साफ नाकारतो. कचेरीतल्या कारकुनाला निदान चहा तरी पाजता येतो.

पण ह्या कारभाराचा खरा बळी म्हणजे दऱ्याखोऱ्यांतून वाऱ्यावर हिंडणारा तो आडवा अर्धा र. युनिकोडच्या संकेतावलीत त्याला १९९१ पासून हक्काची जागा आहे. (बिचाऱ्या ॲ ला ती मिळण्यासाठी २००८ पर्यंत तिष्ठावे लागले.) तथापि हिंदीला त्याची गरज नसल्यामुळे हिंदी कळफलकावर तो चटकन हाती लागत नाही, आणि साध्या र चा पाय मोडून पुढे य लिहावा, तर तोच र रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसतो.

आमच्या सोसायटीचे चिटणीस नाना यांची हयात मामलेदार कचेरीत गेली. नातवाने हिंदीच्या गृहपाठासाठी त्यांच्या यंत्राची भाषा बदलून ठेवली होती, हे ठाऊक नसताना त्यांनी माघी गणपतीच्या महाप्रसादाची सूचना लिहिली, छापली आणि फलकावर डकवली: ‘आचार्यांनी पहाटे पाच वाजता आपापले झारे घेऊन हजर व्हावे. नारळ खवण्याचे काम त्यांजकडेच राहील. कामाच्या जागी तंबाखू खाल्ल्यास मजुरी कापली जाईल.’

चौथ्या मजल्यावर संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात, ज्यांना आबालवृद्ध आचार्य म्हणूनच ओळखतात. पहाटेच्या त्या थंडीत, अंगावर शाल, मस्तकी कानटोपी आणि हाती घरचा पितळी झारा अशा थाटात ते मांडवात दाखल झाले.

“अहो आचार्य, तुम्ही? आणि एवढ्या पहाटे?”

“लेखी हुकूम आहे, नाना. तंबाखू मी खात नाही. परंतु मजुरी किती, याचा खुलासा सूचनेत आढळला नाही.”

खरे आचारी सात वाजता निर्धास्तपणे आले. सूचनेत आपला उल्लेखच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि व्याकरणदृष्ट्या ते इतके बिनतोड होते की, तोवर नारळांच्या ढिगाऱ्याआड बसलेल्या आचार्यांनीच त्याला मान डोलावून अनुमोदन दिले.

आचार्यांनी दुपारपर्यंत चूल सोडली नाही. सायंकाळी जमाखर्च मांडताना नानांनी त्यांच्या नावे एका रोजाची मजुरी खर्ची टाकली. कारण फलकावर चढलेल्या मजकुराची बजावणी अक्षरशः झालीच पाहिजे, हा मामलेदार कचेरीतला शिरस्ता त्यांच्याने मोडवेना.