मागच्या खोलीतला किड्यांचा गोठा

मावशी, थांबा नं जरा, भाजी मंग निवडा. आमच्या जाऊबाईचा धाकला पुण्याहून आला, पाह्यला का तुम्ही? पोट्ट्यानं संगं बेडूक आणला! आपल्याकडचा नाही, परदेशी. भाकरीसारखा गोल, डोळ्यावर शिंगं. दिवसभर मातीत रुतून बसते. अन् त्याले मेलेलं चालत नाही म्हणे. समोर काही वळवळलं तरच जीभ बाहेर निघते.

म्हणून ह्यानं मागच्या खोलीत किड्यांचा गोठाच घातला. प्लास्टिकचे टब, झाकणाले जाळी, आतमधी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे, अन् त्यात रातकिडे! वाटीत ओली रेती ठेवली की मादी त्यात अंडी घालते. गरमाईत दहा-बारा दिवसांत पिल्लं निघतात, दीड-दोन महिन्यांत मोठी होतात. पाण्याची वाटी ठेवली त बुडून मरतात, म्हणून गाजराचे काप. जाऊबाई चिडली, माणसाले गाजर महाग अन् हा किड्याले चारते! पोट्टं म्हणते, किड्याच्या पोटात जे जाईल तेच बेडकाले लागते. वरून कॅल्शियमची भुकटीही लावते, किड्यात ते कमी असते म्हणे, बेडकाची हाडं ठिसूळ होतात. मुंग्या येऊ नये म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. अन् रात्री नर पंखावर पंख घासते, झोप कशाची बाप्पा! शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून आपल्या दारव्हा-मोतीबाग टेसनावर रातकिड्यांची जी किरकिर चालते, ती आता आमच्या न्हाणीमागं ऐका.

दुसरा डब्बा कोंड्यातल्या पिवळ्या अळ्यांचा. थंडीत त्यांची वाढ थांबते, म्हणून ह्यानं तो फ्रिजमधी ठेवला. जाऊबाईनं उपम्याले रवा समजून उघडला. ओरडली अशी की सासूबाई पूजा सोडून धावल्या.

मी म्हटलं, अरे, दारव्ह्यात किड्यांची काय कमी? वावरात जा, कपाशीवर पाहिजे तितके धर. त पोट्टं हसलं नाही. म्हणे, काकू, त्या किड्यावर औषध फवारलेलं असते. बेडूक कातडीतूनच पाणी पिते, थोडा श्वासही तिच्यातून घेते. असा किडा अंगाले लागला का पोटात गेला, बेडूक गेलाच समजा. मी गप. २०१७ आठवते नं मावशी? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारता फवारता विष चढून वीसेक माणसं गेली. त्या वावरातला किडा कोण चारणार?

जाऊबाई म्हणे, इतकी कटकट हाये त नाल्यात सोडून दे तो बेडूक. त ह्यानं अंदमानचं सांगितलं. पावसाळ्यात ओरडते तो आपला मोठा पिवळा बेडूक कोणीतरी तिकडं पोचवला, अन् आता त्याची पिल्लं तिथल्या बेडकांची पिल्लं खाऊन राहिली. म्हणून बाहेरचा इथं सोडाचा नाही. अन् नाल्यातला आपला धरून पाळाचाही नाही, वन्यजीव कायदा आडवा येते.

मी हे कायले सांगून राहिली, तुमच्या कोंबड्या हायेत नं? त्या कोंड्यातल्या अळ्या कोंबड्या आवडीनं खातात. पोट्टं परवा पुण्याले जाते, एक डब्बा तुम्हाले फुकट देते म्हणे. कोंडा तुमच्याकडं हायेच. घेऊन जा, फकत फ्रिजमधी ठेवू नका.