बॅगेत आहे

बोईसरच्या फलाटावर चर्चगेट लोकलच्या गर्दीत एक खांदा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली दिसला, की समजावं, आमचे काका आले. तारापूर एमआयडीसीतली नोकरी संपून सहा वर्षं झाली. नोकरी सुटली, बॅग सुटली नाही.

काळी, रेक्झिनची, कधीतरी दिवाळीला कंपनीने वाटलेली. कंपनीचं नाव झिजून आता नुसतं 'लिमिटेड' उरलंय. पट्ट्याला चांभाराने दोनदा टाके घातलेत. चेन मधेच अडते, मग काका तिच्यावर मेणबत्ती घासतात. मेणबत्तीही बॅगेतच असते.

काकू तिला 'दप्तर' म्हणतात. "दप्तर घेतलंत का?" यात टोमणा असतो, पण शब्द अगदी नेमका पडतो. पोराच्या पाठीवरचं तेही दप्तर, सरकारी कागदांचं तेही दप्तर. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचं मूळ पार ग्रीकमध्ये, कमावलेल्या चामड्याच्या शब्दात सापडतं. पेशव्यांचं दप्तर पुण्यात नीट ठेवलंय. काकांचं फिरतीवर असतं.

त्यात काय नाही? सुतळी, सेफ्टी पिना, अमृतांजन, टेस्टर, घडी घातलेल्या सहा प्लास्टिकच्या पिशव्या, अख्ख्या घराच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, परवाचा पेपर. "हे कशाला?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "असू दे, लागतं." आणि कुणालाही काहीही हवं असलं की, "बॅगेत आहे." कुठल्या कप्प्यात, ते मात्र विचारू नये.

कॉलेजात असताना काकांच्या खांद्यावर शबनम होती. तेव्हा ज्याला समाज बदलायचा असे किंवा निदान कविता करायची असे, त्याच्याकडे शबनम हवीच. काकांच्या शबनममध्ये एक वही आणि बरीचशी हवा असायची.

वजन वाढलं ते ठाण्यामुळे. जिल्ह्याचं काम ठाण्याला असे. बोईसरहून निघायचं, दादरला गाडी बदलायची, रांगेत उभं राहायचं आणि खिडकीशी पोचल्यावर ऐकायचं, "रेशनकार्डाची झेरॉक्स कुठाय?" दिवस फुकट. असं तीनदा झाल्यावर काकांनी घरातलं कपाटच खांद्याला लावलं. पुढे २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. मधलं एक उमरोळी सोडलं तर जिल्ह्याचं ठिकाण पुढचंच स्टेशन. बॅगेतला एक कागद कमी झाला नाही.

एकदाच ती बॅग बदनाम झाली. लेकीकडे बोरिवलीला जाताना काकांनी सातपाटीचे सुके बोंबील नेले; वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर पिशवी, त्यावर आणखी पिशवी. केळवे रोड येईपर्यंत डब्याला बातमी कळली होती. एरवी "काका, द्या इकडे, वर ठेवतो" म्हणणारे हात पुढचे दोन महिने खिडकीबाहेर बघत होते. आधार कार्डांना अजून किंचित वास येतो. ते काकांना सांगायची हिंमत कुणात नाही, आणि खरं तर वास तसा वाईटही नाही.

परवा एका दाखल्यासाठी त्यांना घेऊन पालघरला गेलो. काकांनी रात्रीच कागद क्रमाने लावले होते. खिडकीतल्या मुलीने नंबर विचारला, कॉम्प्युटरवर दोन बोटं आपटली आणि म्हणाली, "झालं काका. कागद नकोत, सगळं दिसतंय इथे." काकांचा हात चेनवरच राहिला. "एकही नको? मूळ प्रत आहे. रेशनकार्डसुद्धा आणलंय." "नको, काका. फक्त इथे सही करा."

माझ्या खिशात पेन होतं. ते मी आत ढकललं आणि विचारलं, "काका, पेन आहे का?"

"बॅगेत आहे."

सुतळी निघाली. अमृतांजन निघालं. मेणबत्ती निघाली. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. शेवटी पेन निघालं, काकांनी ते कागदावर दोनदा ओढलं, आणि उघडून बघितलं तर आत रिफिलच नाही.

"असू दे," काका म्हणाले, आणि दुसऱ्या कप्प्याची चेन ओढायला लागले. "रिफिल वेगळी ठेवलीय."