मृदंगाचार्य

सप्ताहाची पत्रिका खालून वर वाचावी. वरती महाराजांचे फोटो, फेटे आणि हात जोडलेले पुढारी. ते दरवर्षी तेच. खरं गाव खाली असतं : विणेकरी, चोपदार, काकडा, हरिपाठ, मंडपवाले, साउंडवाले, आणि त्यांच्या जरा वर, गायनाचार्यांच्या शेजारी, आमचे मृदंगाचार्य. आचार्य म्हटल्यावर डोळ्यांपुढं दाढी येते. इथंही दाढी आहे, पण सलूनमध्ये कोरलेली. वय वर्षं २२.

जालन्याहून भोकरदनला निघालं की राजूरचा गणपती मागं पडतो आणि पूर्णेच्या काठी केदारखेडा येतो. या रस्त्यावर कुणी मोटारसायकलच्या टाकीवर लेकरू बसवावं तसा खोळीतला पखवाज बसवून चाललेला दिसला, तर ते मृदंगाचार्य समजावेत. खोळीवर नाव, नावाखाली मोबाईल नंबर, नंबराखाली ‘राम कृष्ण हरी’. अंगात पांढराशुभ्र नेहरू शर्ट, कपाळी गंध-बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि पायांत स्पोर्ट्स शूज.

आळंदीला जाईपर्यंत गाव त्यांना ‘ए पोरा’ म्हणत होतं. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. अभ्यासक्रम चार वर्षांचा. तिच्या आसपास पुढं लहानमोठ्या कितीतरी संस्था झाल्या. त्यातल्याच एकीत हे माधुकरी मागून राहिले, हरिपाठ तोंडपाठ केला आणि बोटं सुजेपर्यंत चौताल घोटला. परत आले ते ‘महाराज’ होऊनच. आता वडीलही चारचौघांत त्यांना अहो-जाहो करतात. शेतात मात्र नाही. कार्तिकात बोंडं फुटतात आणि नेमके तेव्हाच सप्ते लागतात.

“कामून रे, कापूस काय विठ्ठल येचणार हाय?”

“जनाबाईच्या शेण्या नाही का वेचल्या त्यानं?”

“मंग तू आधी जनाबाईएवढं दळून दाखव.”

इथं संवाद संपतो आणि मोटारसायकल सुरू होते.

पखवाजाचं एक बरं असतं, त्याला वाजवण्याआधी जेवू घालावं लागतं. डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, गव्हाची ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. त्यामुळे परगावी उतरल्यावर मृदंगाचार्य पहिल्यांदा देवळात जात नाहीत, चुलाणाकडे जातात. कणकेबद्दल त्यांची मतं फार कडक. ज्वारीचं पीठ चालत नाही, सुकून गळतं. एकदा एका आचाऱ्यानं घाईत पुरीच्या कणकेतला गोळा काढून दिला. त्यात तेलाचं मोहन. पहिल्या दोन चरणांपर्यंत कणकेनं दम धरला, तिसऱ्याला ती सुटली आणि थेट विणेकऱ्याच्या पायांवर पडली. विणेकऱ्याला जागा सोडता येत नाही, विणा खाली ठेवता येत नाही. त्यानं तो प्रसंग अंगठ्याला कणीक लागलेल्या अवस्थेत मोठ्या भक्तीनं निभावला. तेव्हापासून मृदंगाचार्य स्वतःची कणीक आईकडून मळून डब्यात घेऊन जातात. परतीच्या वाटेवर त्याच डब्यात बुंदी असते.

रात्री ९ ते ११ कीर्तन. ‘जय जय राम कृष्ण हरी’ चालू असताना हातोडीनं गट्टे ठोकणं चालतं. श्रावणातल्या दमट हवेत पुडी उतरलेली असते आणि गायनाचार्य मात्र काळी चारच्या खाली यायला तयार नसतात. एकदा सूर जुळला की पहिला अर्धा तास मृदंगाचार्य इतकं सोज्वळ वाजवतात की कीर्तनकार निर्धास्त होतात. मग चाल वाढते, टाळकरी झुलायला लागतात, आणि कीर्तनकार पाणी प्यायला थांबले की हे सुटतात. तिटकत गदिगन, तिटकत गदिगन. मान डावीकडे, कारण मोबाईलचा स्टँड डावीकडे लावलेला असतो. तिहाई समेवर आपटली की मांडवातून नोटा येतात. कीर्तनकार तोंडानं म्हणतात, “वाजवा महाराज, वाजवा,” आणि डोळ्यांनी घड्याळ बघतात. दृष्टांत अर्धा राहिलेला असतो. त्यातली सून विहिरीच्या काठावर ताटकळत उभी असते.

मिरवणं वाढलं, असं जाणती मंडळी म्हणतात. वाढलं खरं. पण गावातली दहा-बारा वर्षांची पोरं पत्र्याच्या डब्यावर जे बडवतात ते डीजेचं नाही, चौतालाचं असतं, आणि ती पोरं ज्ञानेश्वरी ऐकून पखवाजाकडे आलेली नाहीत. रील बघून आली आहेत. मिरवण्याचीही एक पुण्याई असते, असं मला वाटू लागलं आहे.

सगळ्यांत मोठे जाणते म्हणजे गावातले जुने पखवाजी आजोबा. त्यांच्या काळी पत्रिकेत मृदंगवाल्याचं नावच नसायचं, कारण पुष्कळदा पत्रिकाही नसायची. ते चुलत्याच्या मांडीशी बसून शिकले. त्यांच्या मते पखवाज भजनाच्या मागं चालावा. हल्लीची पोरं त्याला पुढं पळवतात आणि भजन मागून धापा टाकत येतं. या दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत आहे. बीड जिल्ह्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंचं नाव निघालं की दोघंही कानाची पाळी धरतात. मराठवाड्यातल्या वारकरी पखवाजीला पद्मश्री मिळाली, याचा आजोबांना अभिमान आहे. मृदंगाचार्यांनाही आहे, पण त्यांच्या नजरेत थोडा हिशेबही असतो.

लग्नाचं अजून जमत नाही. मुलीचा बाप विचारतो, “पोरगा काय करतो?” मामा सांगतात, “मृदंगाचार्य.” “ते झालं, पण नोकरी?” मामा मग आळंदी, विशारदची परीक्षा, पाच जिल्ह्यांतले सप्ते असं सगळं सांगतात. “बरोबर हाय,” बाप म्हणतो, “पण नोकरी?”

अलीकडे मृदंगाचार्यांच्या मोबाईलवर कुठूनसा क्यूबा आला. हवाना शहरात १९९६ साली विस्मरणात गेलेल्या म्हाताऱ्या वादकांना गोळा करून रेकॉर्ड केली, ‘ब्यूना विस्टा सोशल क्लब’. त्यातला गायक इब्राहिम फेरेर तोवर बूट पॉलिश करत होता, आणि गिटार घेऊन बसलेला कोम्पाय सेगुंदो नव्वदीला टेकला होता. आता तिथली तरुण पोरं तेच ‘सोन’ संगीत वाजवतात. मृदंगाचार्यांनी असाच एक व्हिडिओ पारावर आजोबांना दाखवला आणि मांडीवर भजनी ठेका धरला. आठ मात्रा चपखल बसल्या.

आजोबांनी बराच वेळ पाहिलं. “गडी गोड गातोय,” ते म्हणाले. “पण तो लाकडाच्या दोन दांड्यांवाला चुकतोय. मधीच थांबतो.”

“चुकत नाही, बाबा. त्याला क्लावे म्हणतात. तीन ठोके, मग दोन. सगळा मेळ त्याच्यावर चालतो.”

“थांबून थांबून?”

“थांबूनच.”

आजोबांनी देवळातले टाळ मागवले. पहिल्यांदा चौथा ठोका सवयीनं पडला. दुसऱ्यांदाही. पाराभोवती माणसं जमली, मृदंगाचार्यांनी मोबाईल उभा केला. तिसऱ्यांदा तीन आणि दोन नेमके बसले, आणि आजोबांनी ते चांगली पाच मिनिटं मोडू दिले नाहीत.

“जमतंय,” टाळ खाली ठेवत ते म्हणाले. “पण ह्याच्यात देवाचं नाव कुठं घ्यायचं, ते इचार त्यांना.”