वाढत्या अंगाचा कोट

निफाडला पारा ६ अंशांवर उतरल्याची बातमी पेपरात आली, की पुण्यातल्या आत्याला थंडी वाजायला लागते. स्वतःसाठी नव्हे, भाच्यासाठी. भाचा चार वर्षांचा, अर्ध्या चड्डीत अंगणभर हुंदडून घामाघूम झालेला. पण आत्याचा निर्णय झालेला असतो. "वहिनी, कोट विकत आणू नकोस हं. मी शिवते."

वहिनी आणणार नसतेच. तरी ती "कशाला उगीच त्रास?" म्हणते आणि आत्या तो होकार धरते.

ही आत्या घरोघरी असते; कुठे तिला मावशी म्हणतात, कुठे काकू. शिवणाचा क्लास तिनं लग्नाआधी केलेला. त्या क्लासच्या वहीत खाकी कागदाची इवली इवली झबली आणि फ्रॉक अजून चिकटलेले आहेत. कोट नाही. कोटाचा धडा यायच्या आत लग्न ठरलं, पण हे ती सहसा बोलत नाही. यंत्र उषाचं. नाव मुलीचं; आत्याच्या मुलीला मात्र या यंत्राला हात लावायची बंदी.

कापडासाठी आत्या रीतसर लक्ष्मी रस्त्यावर जाते. चार ठाण उलगडायला लावते, पोत बोटांनी चोळून बघते, भाव विचारते आणि घरी येऊन यजमानांचं कपाट उघडते.

"अहो, ही राखाडी पँट तुम्ही हल्ली घालत नाही ना?"

"परवाच घातली होती."

"तेच म्हणतेय. परवा. आज कुठे घातलीय?"

पँट उसवली जाते. इथून पुढे मात्र आत्याला मानायलाच हवं. बसायची जागा आणि गुडघे झिजून चकचकीत झालेले, म्हणजे खरा माल गुडघ्याखाली, हे तिला न शिकवता कळतं. वरची बाजू विटलेली, म्हणून ती कापड उलटवून घेते. आतला रंग जवळजवळ कोरा असतो. उभा धागा कुठे जातोय ते उजेडात धरून बघते. दोन पायांतून दोन पुढचे भाग आणि मधोमध जोड देऊन पाठ निघते, मांडीच्या बऱ्या तुकड्यांतून बाह्या, आणि खिशांवरच्या झाकणांसाठी पँटचेच मागचे खिसे कामी येतात. अस्तराला जुना परकर. एवढ्या काटकसरीनं बेतणारा माणूस राज्याच्या अर्थखात्यात असायला हवा होता.

मग माप. छाती २२ इंच भरते. आत्या वहीत २२ लिहिते आणि कापते २८. "वाढतं अंग आहे." बगलेत दीड इंच माया, बाहीच्या टोकाला अडीच इंच दुमड, खालच्या घेराला चार. त्या कोटाच्या पोटात आणखी एक कोट घडी करून ठेवलेला असतो. आजच्या भाच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं; ती शिवत असते तिसरीतल्या भाच्यासाठी.

ट्रायलच्या दिवशी भाचा टाचण्यांच्या धाकानं दोन्ही हात आडवे करून बुजगावण्यासारखा उभा. "हललास तर टोचेल!" तो न हलताही टोचते.

खरी परीक्षा बाहीची. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा थोडा मोठा कापायचा आणि धावदोरा आवळत आवळत, चुणी न पडू देता मुंढ्यात बसवायचा, ही कोटाची खरी कारागिरी. आत्याच्या कोटाला चुण्या पडतात. कुणी बोट दाखवलंच तर, "फुग्याची बाही आहे ती. हल्ली चालते." काजांचंही तसंच. मुलग्यांच्या कोटाची डावी बाजू वर येते आणि काजं तिच्यावर असतात. आत्यानं जन्मभर ब्लाउज शिवलेले. हात सवयीनं उजवी बाजूच वर घेतो. वहिनी हळूच म्हणते, "वन्सं, हे मुलींसारखं झालं का?"

"होऊ दे की. उद्या बहीण झाली तर तिला येईल." वहिनी गप्प बसते.

कोट तयार होतो तेव्हा संक्रांतीचे हलव्याचे दागिनेसुद्धा आत ठेवून झालेले असतात. खांदे कोपरांपाशी, हात गायब, घेर पोटऱ्यांपर्यंत. आत्या चार पावलं मागे सरकून बघते. "दोन वर्षांनी बघ कसा बसतो!"

दोन वर्षांनी तो खरंच बसायला लागतो. बाहीची दुमड उलगडली, की आतलं गडद कापड पट्ट्यासारखं उठून दिसतं. आत्या बोहरी आळीतून लेस आणून तो पट्टा झाकते. पण आता भाच्याला चेनचं जाकीट हवं असतं, पाठीवर कोळीमाणूस असलेलं. कोट अंगावर चढतो तो एकदाच, मे महिन्यात, एका मुंजीत, आत्या समोर बसली आहे म्हणून. त्या फोटोत भाचा सोडून सगळे हसताहेत.

त्याच सुमारास वहिनीकडची दुसरी गोड बातमी फोनवर येते. आत्याचा आनंद पोटात मावत नाही. "मुलगी झाली तर काजं आपोआप बरोबर! पण पहिल्या थंडीला तो जुना नको हं. मी नवीन शिवते."

आतल्या खोलीत यजमान उठतात आणि कपाटाला कुलूप लावतात.