मावेल तेवढं तूप

मुलांना स्वयंपाकघरात घेतलं की त्यांचं गणित पक्कं होतं, असं हल्ली सगळे सांगतात. सांगणाऱ्यांच्या घरी मागाहून ओटा पुसायला दुसरं कोणीतरी असावं.

आमच्या चौथीतल्या कन्येनं मे महिन्याच्या सुट्टीत नानकटाई करायला घेतली. कृती आजीची, म्हणजे माझ्या आईची, आणि तोंडी. "मैदा घ्यायचा, पिठीसाखर घालायची, मावेल तेवढं तूप." आता मावेल तेवढं म्हणजे किती, हे आजीच्या हाताला कळतं. कन्येला एवढंच कळलं की घालत राहिलं तर तूप मावतच राहतं. शिवाय ओतायला सोपं म्हणून तिनं ते पातळ करून घेतलं होतं. व्हायचं तेच झालं. ओव्हनमध्ये पीठ आवळून यायच्या आत तूप सुटलं, आणि वेगवेगळ्या आत गेलेल्या नानकटाया एकत्र कुटुंब होऊन बाहेर आल्या. सुरीनं वाटण्या कराव्या लागल्या.

"आजी, तू नीट माप सांग ना!"

"मापच सांगितलं की."

मग कन्येनं इंटरनेटवरून मापातली कृती काढली. त्यात पाऊण कप तूप. आम्हाला करायचा होता निम्मा घाणा, कारण तुपाचा डबा तळाशी आला होता. पाऊणचं निम्मं किती? ती वही घेऊन बसली. तीन छेद चार, भागिले दोन, तीन छेद आठ. उत्तर अगदी बरोबर. फक्त तीन छेद आठचा कप कुठल्याच संचात येत नाही. तिनं तो फ्रीजमागेसुद्धा शोधला.

"सहा मोठे चमचे घाल," आजी लसूण सोलता सोलता म्हणाली.

मी पडताळून पाहिलं. 240 मिलिलिटरचा कप म्हणजे 15 मिलिलिटरचे 16 चमचे. त्याचे तीन छेद आठ, सहाच! हे इतक्या झटकन कसं काढलं?

"त्यात काय काढायचंय? कपाचे चमचे सोळा, रुपयाचे आणे सोळा. पाऊण म्हणजे बारा आणे. निम्मे सहा."

पावकी, निमकी, पाउणकी पाठ करून मोठी झालेली पिढी ही. सरकारनं 1957 साली नवे पैसे आणले. आमच्या स्वयंपाकघरात ते अजून पोचायचे आहेत.

कन्येला मात्र आता आजीचा संशय यायला लागला. तिनं वजनकाटा आणला आणि आजीला पुन्हा पुन्हा मूठभर मैदा घालायला लावला. दरवेळी फरक एक-दोन ग्रॅमचा. पॅरिसजवळ प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल तिजोरीत ठेवला होता, 1889 पासून तोच जगाचा किलो. शास्त्रज्ञांना त्याच्या वजनाची खात्री वाटेना, म्हणून 2019 मध्ये त्याला निवृत्त केलं. त्यांनी आधी आमच्या घरी फोन करायला हवा होता.

मधेच एकदा "आजी, रक्त!" अशी किंकाळी आली. फोडणीतल्या हळदीच्या ओल्या बोटांनी बाईसाहेबांनी खायच्या सोड्याच्या डबीत हात घातला होता आणि बोटं तांबडी झाली होती. आजी जागची हललीसुद्धा नाही. "कुंकू असंच करतात. हळदीला चुना लावून." आम्ल आणि अल्कली हा धडा शाळेत पुढे कधीतरी येईल. तोवर कन्येनं घरातल्या प्रत्येक पांढऱ्या वस्तूला हळद लावून बघितली आहे. माझ्या शर्टासकट.

थिजलेलं तूप घेतल्यावर नानकटाया अखेर जमल्या. वर छान तडे, आत भुसभुशीत. मग त्या खायच्या की नाही? छे, कन्येनं त्या बिल्डिंगमध्ये विकायला काढल्या, दहा रुपयांना तीन. आम्हालाही त्याच भावानं. घरच्यांना सवलत नाही. संध्याकाळी नफा-तोट्याची वही उघडली गेली. विक्री एकशे वीस, खरेदी शून्य.

"मैदा? तूप? गॅस, वीज?" मी विचारलं.

"ते तर घरचंच होतं."

इथपर्यंत तिचा धंदा जोरात चालला होता. अडला तो शेकडा नफा काढताना. एकशे वीसला शून्यानं भागायचं होतं, आणि शून्यानं भागता येत नाही हे बाईंनी शिकवलेलं. ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग माझ्याकडे वळून वैतागून म्हणाली, "बाबा, तू तुपाचे थोडे तरी पैसे लावायला हवे होतेस. आता माझं गणितच सुटत नाहीये."

मी ताबडतोब बाजारभाव सांगितला. ती हबकली आणि आजीकडे बघायला लागली.

"एक आणा लाव," आजी म्हणाली.