बोलतोय, पण कोणाशी?

घरच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला की पहिली शिक्षा स्पीकरला. डोक्यावर दोन थापट्या, वायरला चार हिसके. तेवढ्यानं भागलं नाही की माणूस ट्रबलशूटर चालवतो. हा आतला चौकशी अधिकारी. मिनिटभर कागद चाळल्यासारखं करतो आणि कळवतो, दोष आढळला नाही. डिव्हाइस मॅनेजरही दुजोरा देतो, उपकरण व्यवस्थित चालू आहे. खात्यानंच खात्याची चौकशी केल्यावर दुसरं काय निघणार!

गंमत म्हणजे बऱ्याचदा ते खरं असतं. आवाज निघालेला असतो, फक्त भलत्याच टेबलावर गेलेला असतो. एचडीएमआयच्या एकाच वायरीतून चित्रही जातं आणि आवाजही. नवा मॉनिटर जोडला की कॉम्प्युटर परस्पर ठरवू शकतो, आता आवाज याच्याकडे. त्या मॉनिटरला स्पीकर आहे का, हे बघणं त्याच्या कामात बसत नाही. ब्लूटूथचं तर विचारूच नका. आजोबा इथे कीर्तन लावून कान टवकारतात आणि ते आतल्या खोलीत नातीच्या कानात सुरू होतं.

थापट्या मारण्याआधी गाणं चालू ठेवून कंट्रोल पॅनेलमधली साउंडची जुनी खिडकी उघडा. प्रत्येक उपकरणाच्या नावापुढे एक उभी पट्टी असते. जिथे ती हिरवी होऊन नाचतेय, तिथे तुमचं गाणं जातंय. तिथे मॉनिटरचं नाव दिसलं तर स्पीकरवर राइट क्लिक करून त्याला डिफॉल्ट करा. कुठेच काही नाचत नसेल, तर फाइल आधीच अडलीय. व्हिडिओचा आवाज वेगळा, ब्राउझरच्या टॅबचा म्यूट वेगळा आणि 2007च्या विंडोज व्हिस्टापासून मिक्सरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमची पट्टी वेगळी. शिवाय कीबोर्डवरचं बटण. एकानं सही नाकारली की सगळं ठप्प, आणि नाकारली कोणी हे कोणी सांगत नाही.

पूर्वी निदान भांडण उघड असायचं. 1989 साली सिंगापूरच्या क्रिएटिव्हनं साउंड ब्लास्टर कार्ड आणलं, त्याला आयआरक्यू 7, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायचा 7 नंबर, हवा असायचा आणि प्रिंटरच्या पोर्टचाही त्याच नंबरवर दावा. मग कार्ड उपसा, जम्पर हलवा, गेमला पत्ता 220 आहे म्हणून सांगा. कटकट होती, पण वादी-प्रतिवादी कोण हे ठाऊक होतं. आता सगळं आपोआप होतं; बिघाडसुद्धा.

वायरवाल्यांनीही ब्लूटूथवाल्यांना फार हसू नये. स्पीकरला हिरवं भोक, माइकला गुलाबी, इतकं सोपं करून ठेवलंय. तरी टेबलाखाली हात घालून अंदाजानं खुपसणारे आहेतच. हेडफोनची पिन अर्धवट बसली तर आणखी मजा. अर्थिंगचा भाग टेकत नाही, डाव्या-उजव्या बाजूला सारखंच असलेलं जे काही ते एकमेकांना खाऊन टाकतं, आणि गायक बहुधा बरोब्बर मधोमध असतो. तो गायब होतो, साथीदार विहिरीतून वाजवत राहतात. अशा वेळी गाण्याची फाइल पुन्हा डाउनलोड करणारे भेटतात. पिन 'टक' होईपर्यंत दाबायची, एवढंच.

मीटिंग सुरू झाली की महागडे ब्लूटूथ हेडफोन जुन्या टेलिफोनसारखे का वाजतात, म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात. नेहमीच्या ब्लूटूथला चांगलं संगीत आणि माइक, दोन्ही एकदम झेपत नाही. माइक चालू झाला की ते फोनच्या दर्जावर उतरतं. माइक लॅपटॉपचा निवडा, कानातलं सुधारतं.

अपडेटनंतर आवाज गेला असेल तर मात्र ड्रायव्हरवर संशय घ्यायला हरकत नाही. जुन्यावर परतायची सोय बहुतेकदा असते. नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून तो काढून मशीन रीस्टार्ट करावं, विंडोज स्वतःच एखादा परत बसवतं. एवढं कोण करतो? त्यापेक्षा कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला बरा. तो विंडोजच नवं टाकतो, त्यात डिफॉल्ट पुन्हा स्पीकरवर येतो आणि तो गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "साहेब, व्हायरस होता."