घरटी एक ओळ

दिल्लीत मयूर विहार फेज वनमधल्या कुठल्याही ग्रुप हाउसिंग सोसायटीत जा, याद्या करणारे एक निवृत्त काका भेटणारच. आमचे काका सांख्यिकी खात्यातले. घरात काकू, काकूंच्या आई आणि एक लॅपटॉप. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यांत घरातल्या प्रत्येक माणसाला स्वतंत्र ओळ असते. काकांनी नोकरीभर त्या ओळी तपासल्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांचा सूड घेतला.

निमित्त गणपतीच्या महाप्रसादाचं. गेटवरच्या रजिस्टरात ज्यानं त्यानं आपापलं नाव लिहिलेलं. एकाच घरातले नवरा, बायको, दोन मुलं आणि आजी पाच निरनिराळ्या पानांवर, कारण त्या घरातलं कुणी कुणाबरोबर बाहेर पडत नाही. काका म्हणाले, "वर्गणी घरटी एक, तर ओळही घरटी एकच."

आधी त्यांनी आडनावावरून गट पाडले. सकाळी सोसायटीतले सगळे शर्मा एकत्र कुटुंबात नांदत होते; पार्किंगवरून बोलणं टाकलेले दोघे त्यात भाऊ-भाऊ झाले होते. इथे केरळी मंडळी बरीच, उत्तर गुरुवायूरप्पनचं देऊळच आहे त्यांचं. त्यांनी आडनावाच्या जागी नुसतं अक्षर दिलेलं, त्यामुळे 'के' नावाचं एक अवाढव्य घराणं उदयाला आलं. मग फ्लॅट नंबर धरला. पण 'बी-४', 'बी ४' आणि 'बी ब्लॉक, ४' ही एक्सेलच्या लेखी तीन बिऱ्हाडं! काका चष्मा कपाळावर सरकवून एकेक रेघ खोडत बसले.

नोएडात आयटीत असलेली लेक फोनवर म्हणाली, "बाबा, टेक्स्टजॉइन लावा. स्वल्पविराम देऊन सगळी नावं एका चौकटीत येतील."

"माणसं बसवायची असतात, कोंबायची नसतात. ही काय सकाळची ब्लू लाइन मेट्रो आहे? आणि एका चौकटीत एकच किंमत, हे डेटाबेसवाल्या कॉडनं १९७० सालीच सांगून ठेवलंय."

"पण सदस्य १, सदस्य २ असे रकाने वाढवत नेणंही त्याच्या शिस्तीत बसत नाही, बाबा."

त्यावर काकांचं नेटवर्क गेलं.

रकाने पडलेच. एकट्या राहणाऱ्या बाईंच्या ओळीत एक नाव आणि पुढे सगळं मोकळं रान. वरच्या मजल्यावरचं एकत्र कुटुंब मात्र कागदात मावेना. काकांनी डिंकानं कागदाला कागद जोडला, तर यादी नोटीस बोर्डावरून निघून लिफ्टच्या दारापर्यंत गेली. दार उघडलं की दोन नातवंडं फाटायची.

खरी ठिणगी पडली ती पहिल्या रकान्यावरून. "अहो, मोदक मी वळायचे आणि मी सदस्य २?" काकूंनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतच विचारलं. वर कायदाही काढला: २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणजे घरातली सर्वांत वडील बाई, वय १८ किंवा जास्त. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काका नियमाला मान देणारे; रातोरात त्यांनी सगळी यादी फिरवली. आधी सर्वांत वडील बाई, मग बाकीचे वयाप्रमाणे.

सकाळी काकू मैत्रिणींना घेऊन बोर्डापाशी आल्या. त्यांच्या ओळीत सदस्य १ त्यांच्या आई, सदस्य २ काका. काकू तिसऱ्या. आजींना हल्ली कमी दिसतं, पण तेवढी ओळ त्यांनी जावयाकडून दोनदा वाचून घेतली.